खत म्हणजे चिठ्ठी नाही

बायांनो, आज दुकानात माझं हसं झालं. तरी मी गप्प बसले नाही, ते सांगते.

उल्हासनगरला ज्या कपड्याच्या दुकानात मी कामाला आहे, तिथे काउंटरजवळ एरिका पामचं झाड आहे. आमची मालकीण, तिला आम्ही भाभी म्हणतो, दर सोमवारी त्याला मूठभर दाणेदार खत घालते. झाड सावलीत, एसीत उभं. त्याला एवढी भूक कुठून लागणार? पानांची टोकं करपलीत, मातीवर पांढरा थर आलाय. आधीची दोन झाडं अशीच गेली.

आज ती परत खताचा डबा घेऊन आली. मी म्हटलं, "भाभी, इसको खत मत दो, मर जायेगा."

"खत? मैं पेड़ को चिट्ठी लिखती हूँ क्या?"

सगळं दुकान हसलं, गिऱ्हाईकसुद्धा. हिंदीत खत म्हणजे चिठ्ठी आणि आपल्या खताला खाद म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "हां, खाद. हसना बाद में, पहले डब्बा नीचे रखो."

"तू कितना पढ़ी है?"

"चौथी. पर मेरे घर में एक झाड जला नहीं."

मीच कुंडी ओढत मागच्या नळाखाली नेली. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत माती धुतली. दोन महिने खत बंद, असं बजावलं. भाभी संध्याकाळपर्यंत गाल फुगवून बसली. बसू दे. झाड मेलं तर मला विचारा म्हटलं.

एक शब्द चुकला म्हणून बाईचं सगळंच चुकीचं कसं होतं, सांगा मला.