आम्ही बार्बुडाला गेलो होतो

वसुधावहिनी गेल्याची बातमी मला घरच्या फॅमिली ग्रुपवर कळली. सुपरमार्केटात सेल्फ-चेकआउटला उभी होते, हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि फोन खणखणला. मेसेज रोहनचा, त्यांच्या मुलाचा. इंग्रजीत दोन ओळी. आई आज सकाळी गेली, फ्युनरलचं नंतर कळवतो. पुणे, नागपूर, ग्लासगो आणि आम्ही राहतो ते पिनर मिळून चाळीस जणांना तो एकदम गेला होता आणि मी त्या चाळिसांतली एक होते. मी वहिनींची धाकटी जाऊ. आमची घरं दोन रस्ते सोडून. वहिनी हॉस्पिटलच्या नोकरीवरून घरी येईपर्यंत रोहन माझ्या स्वयंपाकघरात बसून होमवर्क करायचा, सहा वर्षं. त्यानं मला वेगळा फोन करायला हवा होता. केला नाही, आणि का केला नाही ते मला पक्कं ठाऊक होतं. मी कोथिंबीर तिथेच ठेवली आणि चालत वहिनींच्या घरापर्यंत गेले. दार बंद होतं.

मग इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चहा, बिस्किटं, फोटोला हार. वहिनी किती शांत, किती सोशिक, सगळ्यांचं किती करायच्या... ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आले आहे. सोशिक? आमच्या वहिनी? चहाच्या रांगेत मागून कुजबुज ऐकू आली, ‘त्या अवस्थेत बोटीवर नेलं म्हणे तिला. जावेनं.’ एका बाईंनी तर माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘तुझं काही चुकलं असं नाही गं, पण...’ त्या ‘पण’पुढे त्या गेल्याच नाहीत. सात आठवडे झाले, तो ‘पण’ माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी वहिनींना कुठेही नेलं नाही. त्यांनी मला नेलं. एक्काहत्तराव्या वर्षी, आजार अंगावर असताना, शिडाची यॉट भाड्यानं घेऊन त्या स्वतः चालवत कॅरिबियन समुद्रात गेल्या, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही.

त्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होत्या. डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे फोन उचलून विचारणाऱ्या. भावोजी गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता वहिनी भजनाला येतील, मंडळाच्या फराळाला चकल्या पाडतील. त्यांनी चकल्या पाडल्याही, पण शनिवारी त्या घरामागच्या तळ्यावरच्या सेलिंग क्लबात जायला लागल्या. चौसष्टाव्या वर्षी. पहिल्याच दिवशी बोट उलटली आणि त्या चिखलासकट माझ्या घरी आल्या. मी दार उघडलं तर दारात उभ्या राहून हसत होत्या. ‘मंजू, अगं वारा दिसत नाही, तरी कुठून येतोय ते कळतं!’ त्यांच्या अंगाला शेवाळाचा वास येत होता. पुढे त्यांनी साउथहॅम्प्टनजवळच्या समुद्रात आठ-आठ दिवसांचे कोर्स केले, परीक्षा दिल्या, कप्तानाचं सर्टिफिकेट मिळवलं. मलाही दोन उन्हाळे तळ्यावर नेऊन दोर ओढायला लावलं. मला पोहता येतं, एवढाच माझा गुण.

गेल्या शरद ऋतूत कॅन्सर परतला. जानेवारीत पुन्हा केमो सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. वहिनींनी विचारलं, त्यानं बरी होईन का? नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले, थोडा वेळ मिळेल, किती ते सांगता येत नाही. त्या घरी आल्या, चहा टाकला आणि लॅपटॉप उघडून मला अँटिग्वा बेटाचा नकाशा दाखवला. मी हादरले. म्हटलं, ‘वहिनी, आधी ट्रीटमेंट घ्या, बोट काय पळून जातेय?’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप खाली ठेवला. ‘ही औषधं मी तीस वर्षं लोकांना दिली आहेत. ती काय देतात आणि काय घेतात, ते मला तू शिकवू नकोस. मार्चमध्ये माझ्या हातात दोर धरायची ताकद असेलच, असं लिहून देतेस?’ मी लिहून देऊ शकत नव्हते. बोट देणाऱ्या कंपनीचे फॉर्म सुरू झाले. आजवर कुठे कुठे बोट चालवलीत त्याची यादी, सर्टिफिकेटच्या प्रती, सोबत दोर-नांगर सांभाळू शकेल असं आणखी एक माणूस हवंच. ते माणूस मी. फॉर्मवर तब्येतीचाही रकाना होता. वहिनींनी त्यात सगळं खरं लिहिलं. डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली. ‘लपवायचं काय त्यात?’ म्हणाल्या.

लपवलं ते मी. रोहन लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर. आईची ट्रीटमेंट जानेवारीतच सुरू व्हावी म्हणून त्यानं जिवाचं रान केलं होतं. वहिनी त्याला सरळ सांगायला निघाल्या होत्या. मी अडवलं. ‘सांगितलंत तर तो एअरपोर्टवर येऊन उभा राहील. परत आल्यावर सांगू.’ आपल्याकडे ही जुनीच खोड आहे. परदेशातल्या मुलाला आजार कळवायचा नाही, म्हाताऱ्यांना मरणाची बातमी द्यायची नाही, सगळं काळजीपोटी. ट्रीटमेंट मार्चपर्यंत पुढे ढकलली, एवढं वहिनींनी त्याला सांगितलं. बाकीचं मी रचलं. आम्ही दहा दिवस ग्लासगोला माझ्या भाचीकडे जातोय, वहिनींना हवापालट. तो खूश झाला. ‘काकू, तिला गरम ठेव हां,’ म्हणाला. अँटिग्वाला ऐन फेब्रुवारीत सत्तावीस डिग्री होतं.

कंपनीच्या नियमाप्रमाणे पहिला दिवस त्यांचा माणूस सोबत आला. डेझमंड त्याचं नाव, साठीचा, बोलायला कमी. त्यानं वहिनींकडून नांगर टाकून घेतला, उचलून घेतला, पुन्हा टाकून घेतला. बोट वाऱ्यातून वळवायला लावली, मग मुद्दाम दोर सोडून दिला आणि बघत बसला. वहिनी घामाघूम झाल्या, दोनदा खाली जाऊन पडून आल्या, तेही त्याच्यापासून लपवलं नाही. संध्याकाळी तो म्हणाला, ‘मॅडम, बार्बुडाला जा. पण ऊन डोक्यावर असताना पोहोचा, नाहीतर खडक दिसणार नाहीत.’ एवढं बोलून तो धक्क्यावर उतरला. आम्ही दोघी, एक यॉट आणि पिनरहून आणलेला तीन लिटरचा प्रेशर कुकर. त्या कुकरनं दुसऱ्याच दिवशी इज्जत काढली. एका खाडीत नांगर टाकला होता, आजूबाजूला आठ-दहा गोऱ्या लोकांच्या बोटी, सगळं निवांत. आमच्या खिचडीची तिसरी शिट्टी झाली आणि शेजारच्या बोटीवरचा एक गृहस्थ रबरी होडी वल्हवत धापा टाकत आला. तुमचा गॅसचा अलार्म वाजतोय, बाहेर या, म्हणाला! वहिनींनी त्याला वर बोलावलं, वाटीभर खिचडी दिली, वर तूप. तो वाटी परत करायला आला तेव्हा बायकोलाही घेऊन आला.

बार्बुडा इतकं सपाट बेट आहे की जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. पाच तास समोर नुसतं पाणी. वहिनी सुकाणूच्या चाकापाशी, डोक्याला भावोजींचा जुना मफलर गुंडाळलेला, पायात स्पोर्ट्स शूज. केस नव्यानं उगवलेले, अगदी बारीक. मला उलट्या होत होत्या आणि त्या मला आलेपाक भरवत होत्या, म्हणजे आजारी कोण हेच कुणाला कळलं नसतं. त्यात रोहनचा फोन आला. अँटिग्वाचा किनारा मागे दिसत होता तोवर सिग्नल होता. वहिनींनी स्पीकरवर लावला. ‘आई, तू कुठे आहे? ग्लासगोमध्ये फोन असा नाही वाजत. हा फॉरेनचा रिंग आहे.’ वहिनी म्हणाल्या, ‘अँटिग्वाच्या पुढे. बोटीवर. मी चालवतेय.’ तो इंग्रजीत, थंड आवाजात, ‘काकूला फोन दे.’ ‘तिच्या हातात दोर आहे, तिला वेळ नाही,’ म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं बेटाची रेघ दिसली. त्या ओरडल्या, इतक्या मोठ्यानं की मी दचकले. नुसतं ‘आलं!’ म्हणून. चाळीस वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

परत आल्यावर मार्चमध्ये केमो सुरू झाली, एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच थांबवली, मे महिन्यात त्या गेल्या. रोहन आईशी बोलत होता, शेवटी रोज तिच्या उशाशी होता. माझ्याशी नाही. मी खोलीत गेले की तो बाहेर जायचा. ते आठवडे हातात असते तर आई आज असती का? मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, फारसा फरक पडला नसता. पण ‘फारसा’ म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही, आणि ज्याची आई गेली त्याला तेवढंही पुष्कळ असतं. हे मला कळतं. तरीही पुन्हा विचाराल, तर पुन्हा जाईन.

गेल्या रविवारी रोहननं बोलावलं. घर आवरायचंय, आईच्या साड्या तू बघ, एवढाच मेसेज. मी गेले. किचनच्या टेबलावर त्यानं आईच्या सामानात सापडलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. बोट परत करताना कंपनीचा माणूस सगळी तपासणी करतो, त्या वेळचा फॉर्म. आम्ही शेवटच्या दिवशी धक्क्याला लागताना बोट घासली होती, उजव्या अंगाला हातभर ओरखडा. झालं होतं असं, की बोटीवर डाव्या-उजव्या बाजूला जी ठरलेली इंग्रजी नावं असतात, ती आम्ही दुसऱ्याच दिवशी सोडून दिली होती. सगळे हुकूम मराठीत. शीड सोड, दोर आवळ, सांभाळ गं! फार मजा यायची. पण ती इंग्रजी नावं बोटीला चिकटलेली असतात, माणूस कुठेही तोंड करून उभा असो. धक्का जवळ आला की बोट घासू नये म्हणून कडेला रबरी फुगे बांधायचे असतात. वहिनी ओरडल्या, ‘उजवीकडे फुगे लाव!’ मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते. मी माझ्या उजवीकडे लावले. उघडी बाजू दगडाला करकरत गेली. मी तिथेच रडायला लागले, तेव्हा त्यांनी मला बॅगा आणायला खाली पाठवलं आणि फॉर्म स्वतः भरला. मी तो कधी पाहिला नव्हता. कारणाच्या रकान्यात, औषधाच्या बाटलीवर लिहावं तशा ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: चुकीचा हुकूम कप्तानानं दिला. सोबतच्या बाईंचा काही दोष नाही. खाली सही.

रोहनचे डोळे लाल होते. ‘ती म्हणते, तुझा फॉल्ट नाही,’ तो म्हणाला. ‘मी खूप वेळा वाचला. मग मला वाटलं, तुला बोलवावं.’

तिथे गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. वहिनींनी मला मोकळं केलं होतं, रोहन करायला तयार होता. पण मला ते पटेना. सगळ्यात माझा काही हात नाही, मी नुसती पाठीमागे बसून होते, असं कसं? मी म्हटलं, ‘तुझ्या आईनं हे चूक लिहिलंय. उजवं-डावं मला कळतं, मी बघायला हवं होतं. आणि तुला ग्लासगोचं खोटं मी सांगितलं, तिला सांगू दिलं नाही. तुला तिच्याशी भांडायचा हक्क होता, तो मी काढून घेतला. त्याची माफी मागते, रोहन. अगदी मनापासून. पण गेलो, त्याची नाही मागणार. ती गेली, कारण तिला जायचं होतं. मी गेले, कारण मी हो म्हटलं. चांगली शुद्धीवर होते.’

त्यानं ड्रॉवरमधून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. ‘मग लिही तसं.’

मी वहिनींच्या सहीखाली मराठीत लिहिलं. ओरखडा दोघींचा. बेटही दोघींनी गाठलं. आणि सही केली, पूर्ण नावानिशी. रोहननं कागद घेऊन फ्रिजवर चुंबकानं लावला आणि समोर उभा राहिला. त्याला मराठी वाचता येत नाही.

‘काय लिहिला?’

मी वाचून दाखवलं.

‘पुन्हा वाच,’ तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.