दोन नावांची बाई

लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं आणि अकोल्याच्या जुन्या शहरातली मी अमरावतीत येताच दुसरीच कोणी झाले. त्यामुळे निवृत्तीनंतर इंटरनेटवर दोन खाती उघडताना मला काही वावगं वाटलं नाही.

लोक जिथं लिहितात-बोलतात ते हे जाळं कुणा एका मालकाचं नाही. लहान लहान सर्व्हर, ज्याचा त्याचा कारभार, पण इथं लिहिलेलं तिथं पोचतं. एका सर्व्हरवर मी सासरच्या नावानं होते, शुद्धलेखन सांगणाऱ्या मराठीच्या बाई. दुसऱ्यावर माहेरच्या नावानं. आई गेल्यापासून त्या नावानं मला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिथं मी तिच्याच वऱ्हाडीत लिहायचे. नवरा चिडवायचा, "तुले दोन-दोन खाते काहून लागतात वं?" मी म्हणायचे, नाव तुम्हीच बदललं, आता भोगा.

एका रविवारी कणकेचे रोडगे भाजता भाजता मी लिहिलं, "रोडगे करून राहिली न् मले माही माय आठवली." घाईत ते गेलं बाईंच्या खात्यावरून. थोड्याच वेळात तिथल्या एका सद्गृहस्थांनी दुरुस्ती पाठवली: 'मले' नव्हे, 'मला'. बाईंकडून ही अपेक्षा नव्हती.

माझा पारा चढला. पण त्यांना कोणत्या तोंडानं बोलणार? तीस वर्षं पोरांच्या वह्यांत 'मले'खाली मीच लाल रेघ ओढली होती. काढून टाकावं म्हणून बोट बटणापर्यंत गेलं आणि वाटलं, आपण आईलाच पुसून टाकतोय. राहू दिलं. खाली लिहिलं, ही पण मीच, आणि दुसऱ्या खात्याचा पत्ता दिला. खरं सांगते, त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी त्या वऱ्हाडी खात्यावर एका जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. आता ती स्वतःच शिक्षिका आहे. तिनं लिहिलं होतं, "बाई, तुमी माह्या वहीतलं 'मले' खोडलं होतं. तवापासून मले चारचौघात मायसंग बोलाची लाज वाटे."

मी लिहिलं, "पोरी, चूक माही होती. तुही नोती."

हे मात्र मी दोन्ही खात्यांवरून पाठवलं.