विहिरीकडच्या लिंबोणी

मातीचा नमुना घेण्याआधी अंगठ्या आणि कडी काढून ठेवायची, हा आमचा पहिला नियम होता. चाळणीवर अंगठी घासली तरी धातूचा अंश मातीत उतरतो आणि प्रयोगशाळेचा आकडा चुकतो. साक्रीकडच्या त्या गावात तांबं, सोनं आणि प्लॅटिनमच्या गटातले धातू शोधायचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि छावणीची व्यवस्था माझ्याकडे. रोज सकाळी मी यादी घेऊन उभी राहायचे. दागिने उतरवल्याशिवाय कुणालाही पिशवी द्यायचे नाही. कामावरच्या बाया चिडवायच्या. त्यातली एक म्हणाली होती, "सोनं शोधाले उनात, आनि आमनंच काढाले सांगतस." म्हणजे सोनं शोधायला आलात आणि आमचंच उतरवायला सांगता.

माझ्या यादीतून सहसा काही सुटत नाही. म्हणूनच जे सुटलं ते लिहून ठेवते आहे.

नाल्यापलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची कागदी लिंबाची बाग होती. सगळे त्यांना आबा म्हणत. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी आम्ही त्यांच्या सावलीत डबे खायचो आणि ते न विचारता सरबताचा तांब्या आणून ठेवायचे. विहिरीकडची सात झाडं बायकोने सगळ्यात आधी लावलेली, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

प्रत्येक शेताचा एक फॉर्म भरायचा असे. तो मीच तयार केला होता. त्यात एक रकाना होता: चालू हंगामातली खतं व फवारणी. आबा म्हणाले, यंदा काहीच केलं नाही, अंगात बळ नाही. मी 'काही नाही' असं लिहिलं आणि पुढच्या शेतात गेले.

निकाल आले. सोनं नाही, प्लॅटिनम नाही. पण आबांच्या शेतात तांबं चांगलंच वर गेलेलं, आणि सर्वांत जास्त विहिरीजवळ. आमचा भूशास्त्रज्ञ वयाने माझ्या निम्मा. त्याला त्या दिवशी जेवण सुचलं नाही. बोअर मारण्याआधी चर खणून खालचा खडक उघडा करायचा असं ठरलं.

संमती आणायला मी गेले. आबांनी एकच विनंती केली: विहिरीकडची ओळ तेवढी सोडता आली तर बघा. मी ते यादीत लिहिलं आणि भूशास्त्रज्ञाला विचारलंही. तो म्हणाला, आकडा तिथेच आहे, अलीकडे खणून उपयोग नाही. मग मी नकाशा घेऊन परत गेले. त्या सात झाडांवर लाल ठिपका होता. तुम्ही माती तपासली आहे, तुम्हाला जास्त कळतं, असं म्हणून आबांनी सही केली.

झाडं काढली त्या दिवशी ते घराबाहेर आले नाहीत. वरची माती वेगळी ठेवली, लाकूड रचून दिलं, भरपाईचे कागद पूर्ण केले. यादीतलं सगळं झालं. चिरडलेल्या पाल्याचा वास मात्र माझ्या कपड्यांना मी मेहरूणला माझ्या घरी येईपर्यंत होता.

चरात खडक लागला तो स्वच्छ काळा. त्यात काही नव्हतं. धातू मोजायच्या हातातल्या यंत्राने पाहिलं तर तांबं फक्त वरच्या वीतभर मातीत. भूशास्त्रज्ञ खाली बसला आणि हळूच म्हणाला, इथे कधी मोरचूद वापरलं होतं का, विचारून या, त्यात तांबंच असतं.

मी विचारलं. आबांनी दारामागून एक प्लॅस्टिकची बादली आणली. तिच्या तळाला निळा थर वाळून बसला होता. दर वर्षी पावसाच्या आधी आणि नंतर बायको मोरचूद आणि चुना कालवून खोडांना लावायची, उरलेलं फवारायची. पाणी विहिरीचं, म्हणून सुरुवात तिथूनच. बादली धुवायची तीही तिथेच, आणि ते पाणी पहिल्या ओळीला. दिवाळीपर्यंत तिची नखं निळी असायची. ही पंचवीस वर्षांची रीत. ती गेल्यावर बंद पडली.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की खाली तांबं नाही, आम्हाला दिसलं ते या बादलीतलं.

आबा चराकडे पाहत म्हणाले, "म्हंजे तुमले सापडनं ते तिनंच व्हतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "आजून शे का ते मातीमा?"

आहे, मी म्हटलं. तांबं मातीतून सहज जात नाही.

चर बुजवला, वरची माती वर घातली. महिन्याभरात छावणी उठली. फॉर्ममधला रकाना मी बदलला: आजवरची फवारणी. मिनिटभराचं काम होतं.

पुढे कंपनीच्या नशिराबादच्या गोदामातले उरलेले नमुने टाकून द्यायची सूचना आली. विहिरीकडच्या ओळीच्या चार पिशव्या मी बाजूला काढल्या आणि रविवारी बसने आबांकडे घेऊन गेले. सोबत लिंबाची रोपंही नेऊ का, असं आधी फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले होते, आता त्यांच्याकडे कोण बघणार.

त्यांनी एकेक पिशवी सोडली आणि पहिलं झाड होतं त्या जागी माती हाताने पसरली. मग चारही पिशव्या झटकल्या, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिल्या.