दसऱ्याला कापलेली हिरवळ

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा. मी सोसायटीची हिरवळ कापली, एवढंच झालं. कापली म्हणजे... ऐकाच!

परळला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला आणि चौथ्या मजल्याच्या गच्चीवर बाग करायचं ठरलं. बागेचा प्रमुख कोण? मीटिंगला जो उशिरा पोचला तो. म्हणजे मी.

घटस्थापनेच्या दिवशी रामदास माळ्याने तयार गवताच्या चटया अंथरल्या. कडेला त्या पुरल्या नाहीत, तिथे बी पेरलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी, गिरणीतून रिटायर, रोज तिथे खुर्ची टाकून बसायचे. गुडघ्यांमुळे त्यांचं गावी जाणं बंद झालंय. इच्छा एकच, गवतावर अनवाणी चालायची.

"कधी पाय ठेवूक गावतला रे?" अण्णांनी विचारलं.

"पहिली कापणी झाली की," रामदास म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "साहेब, आधी चटई ओढून बघायची. उचलली गेली नाही तर मुळं धरली. बियाणाला तर त्याहून जास्त वेळ लागतो. घाई नको."

आता हा मला शिकवणार! अहो, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घट बसतो. घटाखालच्या मातीत धान्य पेरायचं, दसऱ्याला रोपं कापायची, देवाला वाहायची, कानावर खोवायची. दहाव्या दिवशी कापणी! गवताला काय वेगळा कायदा?

त्यात दसऱ्याला यंत्राची पूजा, ही अण्णांची गिरणीतली सवय. सोसायटीचं गवत कापायचं मशीन नवं कोरं. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. अख्खी बिल्डिंग जमलेली. एवढी पूजा करून मशीन नुसतं उभं ठेवायचं?

"रामदासाक येऊ दे रे," अण्णा म्हणाले.

"तुमच्यासाठीच कापतोय, अण्णा. चपला काढा, आजच चाला!"

त्यांनी खरंच चपला काढल्या. मी बटण दाबलं.

हार काढायचा राहिला होता. तो पात्यात गेला, मशीनने हिसका दिला आणि पहिली चटई सतरंजीसारखी गुंडाळत निघाली. पाठोपाठ दुसरी! मी घाबरून मशीन कडेला वळवलं, तर तिथलं कोवळं गवत मुळासकट वर. बायको ओरडतेय, "अहो, बंद करा!" मला वाटलं, कौतुक चाललंय.

बंद केलं तेव्हा गच्चीवर माती आणि झेंडू. अण्णांनी चपला परत पायात घातल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रामदासने सगळं पुन्हा लावलं आणि मशीन कुलपात टाकलं. पुढे कितीतरी आठवडे मी फक्त पाणी घालत होतो. मग एका सकाळी त्याने चटई ओढून पाहिली. हलली नाही. त्याने वरचे नुसते शेंडे कापले आणि अण्णांना हाक मारली.

अण्णा माझा हात धरून अनवाणी दोन फेऱ्या चालले. चेहरा असा खुललेला! मी म्हटलं, चला, माफी मिळाली.

तेवढ्यात ते थांबले. माझ्या डोक्यावर उरलेल्या चार केसांतला एक चिमटीत धरून त्यांनी ओढला. तो हातात आला.

"हंय पण दहाव्या दिवशीच मशीन फिरवलंस काय रे?"