टपावरचा डाग

शोभावयनीचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी गॅलरीत बसून एका वीतभर प्लास्टिकच्या मोटारीचं बॉनेट पॉलिश पेपरने घासत होते. हात ओले होते, म्हणून कोपरानेच फोन स्पीकरवर टाकला. "सुमन, तुहे दादा गेले वं..." एवढंच बोलून वयनी थांबल्या. पुढे मी काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, काही आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की फोन बंद झाल्यावरही मी घासतच राहिले आणि भानावर आले तेव्हा बॉनेटची कड पार झिजून गेली होती. चांगला तुकडा वाया घालवला म्हणून आधी स्वतःचा राग आला. रडू त्याच्या नंतर आलं. मी अशीच आहे, मला आधी काम दिसतं आणि मग माणूस. हे काही मी कौतुकाने सांगत नाहीये.

मधुकरदादा, शोभावयनींचा नवरा, माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला जाऊन दीड महिना झाला. मावशीचं घर चांदूर रेल्वेला, रेल्वे फाटकाच्या जवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जायची. फाटक लागलं की गाड्यांची रांग उभी राहायची आणि दादा वही घेऊन पळायचा. उभ्या मोटारींचे दिवे, जाळी, चाकांच्या टोप्या, सगळं चित्रात उतरवून घ्यायचा. मीही त्याच्या मागे. मी मोटार काढली की तो वाकून बघायचा आणि म्हणायचा, "सुमे, तुही मोटर लंगडी दिसून रायली वं." मग मी चिडून त्याची पेन्सिल हिसकावून घ्यायची आणि त्याच्याच चित्रातल्या चुका दुरुस्त करायला बसायची. तो करू द्यायचा. पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले आणि तीस वर्षं मुलांच्या चित्रांतल्या चुका दुरुस्त केल्या. दादा अमरावतीत एका दाताच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायला लागला.

त्याचा हात फार बारीक होता. कवळीच्या दातांना माणसाच्या वयाचा पिवळेपणा द्यायचा तो, अगदी तंबाखू खाणाऱ्याला तंबाखूचा. "राजापेठेतल्या अर्ध्या म्हाताऱ्यायचं हसू माह्या हातचं हाये," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्याच लॅबमध्ये एका डॉक्टरांनी परदेशातून आणलेला प्लास्टिकच्या मोटारीचा एक किट त्याला दिला. खोक्यात सुटे भाग, जोडायचे आपण. ते भाग चिकटवायचा डिंकही वेगळा असतो. तो नुसता चिकटवत नाही, प्लास्टिक जरासं वितळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. दादाने दातांच्या कानशी आणि ड्रिल घेऊन ती पहिली मोटार महिनाभर जोडली. मी बघायला गेले तेव्हा ती टेबलावर होती आणि तो तिच्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या दिवसापासून मलाही नाद लागला. तो जोडायचा, मी रंग द्यायची. अकोल्याहून अमरावतीला जाताना माझ्या पिशवीत कायम रंगाच्या डब्या असायच्या. वयनी म्हणायच्या, "बाप्पा, माह्या घरात फोडणीचा वास कमी अन् डिंकाचा जास्त." पण चहा टेबलावरच आणून द्यायच्या, मोटारींपासून हातभर लांब.

नव्या किटपेक्षा दादाला जुन्या, मोडक्या मोटारी नीट करण्यात जास्त गोडी होती. लोक कुठून कुठून आणायचे. कुणाच्या वडिलांनी जोडलेली, कुणाच्या माळ्यावर सापडलेली. दादाची एक रीत होती. मोटार हातात घेतली की पहिला प्रश्न, "किती नीट करू?" एकदा रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांच्या मोटारीचा एक कोपरा देवाजवळच्या दिव्याने वितळलेला होता. ते म्हणाले, आईने ठेवला होता तो दिवा, कोपरा राहू द्या. दादाने सगळी गाडी चकचकीत केली आणि तो कोपरा तसाच ठेवला. मी वैतागले. "हे काय अर्धवट काम, दादा? मले तर हात शिवशिवून रायले." तो म्हणाला, "तू शाळेत पोरायची चित्रं सोताच पुरी करून देतं. मी तसं नाई करत." हसतच म्हणाला, पण मला ते लागलं होतं हे आज कबूल करते.

चेतन हा दादा-वयनींचा एकुलता एक मुलगा. सव्विसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने आठ दिवसांत गेला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, मला ते जमणार नाही. दादाने त्यानंतर वर्षभर टेबलावरचं कापड काढलं नाही. मग एक दिवस आपणहून काढलं आणि एक मोडकी मोटार घेऊन बसला. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. चेतनचं नाव तो घ्यायचा नाही, म्हणून मीही कधी घेतलं नाही. आपण याला समजूतदारपणा म्हणतो... खरं म्हणजे मला भीती वाटायची.

काही वर्षांनी त्याला कंपवात झाला. आधी उजवा अंगठा थरथरायचा, मग अख्खा हात. कवळ्यांचं काम सुटलं. चिमट्यात धरलेला मोटारीचा इवलासा आरसा जागेवर बसेना, तेव्हा तो मोटारी माझ्याकडे पाठवू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती खोकं यायचं, वर त्याचं वेडंवाकडं अक्षर. एकदा मी अमरावतीला गेले असताना त्याने स्वतः कपाटातून एक छोटी लाल मोटार काढली आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाला, "चाक निखळलं हाये, तेवढं बसवून दे. बाकी राहू दे." मी "हो" म्हणाले आणि पिशवीत टाकली. ती कुणाची, कधीची, मी काही विचारलं नाही. आम्हा दोघांच्या हाताखालून इतक्या मोटारी गेल्या होत्या, की त्यातलीच एक समजले.

घरी येऊन फडकं सोडलं. मोटार बिनरंगाची होती, मूळच्या लाल प्लास्टिकची, आणि जोडकाम अगदीच ओबडधोबड. टपावर मधोमध डाग. डिंकाचं बोट लागून प्लास्टिक वितळलं होतं आणि तसंच वाळलं होतं. मला वाटलं, हे दादाचंच काम. थरथरत्या हाताने जोडायला बसला असेल, सगळं बिघडलं असेल, आणि लाजेपायी चाकाचं निमित्त काढून माझ्याकडे दिलं असेल. फार वाईट वाटलं मला. ज्या हाताने माणसांना हसू दिलं त्या हाताची ही गत. मग मी ठरवलं, आपण काही बोलायचं नाही, गुपचूप सगळं नीट करून द्यायचं. दोन दिवस टप घासला. डागात रेषा होत्या, अंगठ्याच्या रेषा, त्या मला दिसल्या होत्या. त्या संपेपर्यंत घासल्या. पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर लाल रंगाचे तीन हात दिले. माझ्या हातून इतकं सुरेख काम क्वचितच झालं असेल.

मी ती नेऊन दिली तेव्हा दादा खुर्चीत बसला होता. त्याने मोटार दोन्ही हातांत घेतली, चाकाकडे पाहिलंही नाही. टपावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग म्हणाला, "नवीच करून टाकली वं तू तर..." मी खूश झाले. मला ती शाबासकी वाटली! वयनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. चहाला नेहमीपेक्षा उशीर लागला, एवढं तेव्हा लक्षात आलं होतं.

त्यानंतर दादाने माझ्याकडे एकही मोटार पाठवली नाही. मी फोनवर विचारायची, तो म्हणायचा, "आता कोन आनते वं मोटरा." मला ते खरं वाटेना. दुसऱ्या कुणाकडून करून घेतो की काय असं वाटून मी फुगून बसले. जाणं कमी केलं. अमरावती काही सातासमुद्रापलीकडे नाही, सकाळच्या बसने निघालं तर जेवायला पोहोचता येतं, पण मी गेले नाही. शेवटचं भेटले ते दिवाळीनंतर. तो खूप वाळला होता. हाताची थरथर दिसू नये म्हणून हात मांडीखाली दाबून बसला होता. बोलणंही पुटपुटल्यासारखं झालं होतं. निघताना म्हणाला, "येत जाय." मी म्हटलं, "येईन ना." मनात मात्र, याने आधी एखादी मोटार द्यावी मग बघू, असा क्षुद्र विचार होता. पुढे छातीत कफ साठला आणि चार दिवसांत तो गेला.

तेरवी झाल्यावर पाहुणे गेले, मी दोन दिवस वयनीजवळ राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारींचं कपाट आवरताना मी म्हटलं, "वयनी, ती लाल मोटर मी नेऊ का? दादानं माह्याकडे देलेली शेवटची हाये." वयनी बराच वेळ घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालत राहिल्या. मग बोलल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ते चेतनची होती वं. नऊ वर्साचा असतानी यायच्याजवळ बसून जोडली होती त्यानं. टपावर त्याचा अंगठा होता. हे रोज सकायी त्याच्यावर आपला अंगठा ठेवत."

वयनी म्हणाल्या, "मी तुले सांगणारच होती. यायनंच सांगू देलं नाई. म्हने, तिले सांगू नको, तिनं मायेनं केलं." तीस वर्षं मी मुलांना प्रमाण शिकवलं. हे याच्यापेक्षा किती लहान, ते त्याच्यापेक्षा किती मोठं, आधी नजरेने मोजा, मग रेघ ओढा. त्या टपावर अंगठ्याच्या रेषा मी डोळ्यांनी पाहिल्या आणि तो अंगठा केवढासा आहे हे मला दिसलं नाही. आणि ज्याने प्रत्येक अनोळखी माणसाला "किती नीट करू?" असं विचारलं, त्याला मी एका शब्दाने विचारलं नाही; त्याने आपणहून "बाकी राहू दे" म्हटलं, तेही ऐकलं नाही. क्षमा मागायची म्हटली तर कुणाची मागू? तो तर मला न सांगताच क्षमा करून बसला होता, आणि मी मात्र तो माझ्यावर का रुसला म्हणून त्याच्यावर रुसले होते.

लाल मोटार मी आणली नाही. ती वयनीजवळच आहे, तशीच चकचकीत. पण निघताना त्यांनी दुसरी एक मोटार माझ्यापुढे ठेवली. ही खरोखरच दादाची. शेवटच्या वर्षात, कुणाला न सांगता, दुपारी वयनी झोपल्या की तो ती जोडत असे. दारं तिरपी बसली आहेत, काचेवर डिंकाचे ओघळ आहेत, आणि सगळ्या अंगभर बोटांचे ठसे, एकावर एक, थरथरून फाटलेले. वयनी म्हणाल्या, "ही नीट करून दे. पुरी नीट. फोटोजवळ ठेवायची हाये." एवढं सगळं सांगितल्यावर पुन्हा माझ्याच हातात? त्या माझ्या मनातलं ओळखून म्हणाल्या, "तो लेकराचा अंगठा होता, सुमन. हा आजार हाये. ते हात मी चार वर्स धरले, जेऊ घातलं, झोपवलं. आता मले तो आजार घरात ठेवायचा नाई. मले ते पाहवत नाई." त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्यांचा नवरा आहे, त्यांचं घर आहे, आणि याही वेळी किती नीट करायची ते मला स्पष्ट सांगितलं गेलं आहे.

मोटार माझ्या टेबलावर आहे. दोनदा पॉलिश पेपर भिजवला आणि दोनदा तसाच वाळू दिला. वयनी एकट्या असतात, दर रविवारी त्यांचा फोन येतो. आधी तब्येतीचं, मग पाण्याचं, मग त्या विचारतात, "झाली का वं?" मी दारावर उमटलेल्या दादाच्या अंगठ्याकडे बघते आणि म्हणते, "रंग वाळून रायला, वयनी..." त्या म्हणतात, "वाळू दे, घाई नाई." आणि आम्ही दोघी फोन ठेवतो. रंगाची डबी मी अजून उघडलेली नाही.