जन्नतबीनं न रगडलेला पोरगा

लातूरकडच्या आमच्या मुरुडात कुणी पैलवान कुस्ती मारून आला की जन्नतबी लगेच म्हणायची, "माझ्या हातचा हाय." तान्ह्या बाळांना तेल लावून रगडायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. गावातले अर्धे दंड आणि पोटऱ्या आपणच घडवल्या, असं ती छातीठोक सांगायची. मलाही तिनंच रगडलं होतं. "मग मला भरली घागर का उचलत नाही?" असं विचारलं की म्हणायची, "तू लई वळवळ करायचीस. दोष मातीचा हाय, कुंभाराचा न्हाई."

मी पंचशीला, इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. तिची बढाई ऐकून माझं डोकं फिरायचं. म्हातारीची मिजास म्हणून सोडूनही दिलं असतं, पण तिच्यापायी एक पोरगं आखाड्याबाहेर बसून राहिलं होतं.

पारूबाईचे जुळे, व्यंकटी आणि लिंबाजी, बहात्तरच्या दुष्काळातले. महिन्याची बाळंतीण खडी फोडायला जात होती. करडईचं तेल मिळालं ते एका पोरापुरतंच. म्हणून थोरल्या व्यंकटीच्या पायात खुणेचा काळा दोरा बांधला, आणि जन्नतबीनं त्याला तेवढं रगडलं. धाकट्या लिंबाजीला गाव 'कोरड्या' म्हणायला लागलं. वास्तविक दोघं हुबेहूब सारखे, वजनसुद्धा सारखं. तरी व्यंकटी आखाड्यात आणि लिंबाजी त्याचे कपडे सांभाळत बाहेर.

लातूर नवा जिल्हा झाला, आणि जिल्ह्याच्या पहिल्या शालेय कुस्त्या ठरल्या. खेळाच्या मास्तरांनी दोघांची नावं निवडीला घातली. लिंबाजी माझ्याकडं आला. "बाई, माझं नाव काढा. मला तेल न्हाई लागलं."

मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, आईच्या पोटात आधी सगळ्या पेशी सारख्याच असतात. मग काही पेशींतली ठरावीक जनुकं जागी होतात आणि हुकूम सोडतात, तुम्ही स्नायू व्हा. त्या पेशी एकमेकींना जुळून लांब धागे बनतात. किती बनवायचे, कुठं थांबायचं, त्याचीही जनुकं असतात. जन्मापर्यंत धाग्यांचा हिशेब जवळपास ठरलेला. पुढं भाकरीनं आणि मेहनतीनं ते धागे जाड होतात, तेलानं नाही. "तुम्ही दोघं एकाच बीजाचे. त्याला जो हुकूम, तोच तुला."

त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर हाय बाई. पर मला तेल न्हाई ना लागलं." पालथ्या घड्यावर पाणी!

मी तणतणत जन्नतबीचं घर गाठलं. "त्याला सांग, तुझ्या तेलानं दंड होत नसतात. तुझंच ऐकेल तो."

"माझ्या पोटावर पाय देतीस व्हय गं?"

"मग राहू दे पोरगं जन्मभर कपडे सांभाळत."

ती पानाला चुना लावत राहिली. काम फसलं म्हणून मी परत आले.

निवडीच्या दिवशी ती शाळेच्या मैदानावर हजर. सगळ्या गावादेखत तिनं लिंबाजीचा दंड धरला. "ऐक रे. तुमच्यातला रगडलेला कोणता, ते मलाच ठाऊक न्हाई. तेल लावताना दोरा सोडायची, मंग ह्याला बांधला का त्याला, कुणाला ध्यान? तूच रगडलेला असशील."

गाव खदखदून हसलं. साहेबराव सरपंच म्हणाले, "चाळीस वर्षं धंदा केला, अन् हिला पोरगं वळखू येईना." हसणाऱ्यांत पोटुशा बायकाही होत्या, उद्या जन्नतबीला बोलावणं धाडणाऱ्या. तिनं मान खाली घातली. लिंबाजीनं सदरा काढला.

मास्तरांनी दोघा भावांनाच एकमेकांवर सोडलं. वीस मिनिटं झाली, ना हा पडे ना तो. शेवटी मास्तरच दमले आणि एकाला वरच्या वजनात घालून दोघांची नावं लातूरला धाडली.

संध्याकाळी मी आणि जन्नतबी पारूबाईच्या अंगणात टेकलो. पोरं आत जेवत होती. मी हळूच विचारलं, "जन्नतबी, खरंच चुकलीस?"

"हट्. सोडायची मीच, बांधायची मीच. चुकते कशी? लिंबाजीला तेलाचं बोट लावलं न्हाई मी." मग तिनं स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघितले. म्हणाली, "म्हंजी पंचशीला, माझ्या हातानं काहीच झालं न्हाई?"

ह्याच प्रश्नाची मी कितीतरी वर्षं वाट बघत होते. आता तो आला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं सांगवेना. "दंड नाही झाले," मी म्हटलं.

"मंग चाळीस वर्षं बायका मला कशाला बोलवीत होत्या?"

चहा गाळता गाळता पारूबाई बोलली. "झोपायला. खडी फोडून यायची मी, अंगाचा भुगा झालेला. तू एकाला रगडायचीस, दुसऱ्याला पायावर हालवायचीस. तेवढा तासभर माझा डोळा लागायचा. त्या साली तेवढीच झोप होती मला."

जन्नतबीनं पदरानं डोळे पुसले आणि तिच्यावरच खेकसली. "अगं भवाने, मंग दुष्काळात तेलासाठी दारोदार कशाला फिरलीस?"

"तेलाबिगर तू आली असतीस व्हय?" पारूबाई म्हणाली आणि कप तिच्यापुढं सरकवला.