पेणला न उघडणारी हळद

मंडळी, हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पेणच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस मी... आणि खरं सांगायचं तर यात घाबरण्यासारखं काहीच नाही. टाळलं ते दुसऱ्याच कारणाने. हा अनुभव सांगायचा, तर त्याआधी मी बोललेलं एक खोटं सांगावं लागतं.

माझी थोरली बहीण रोह्याला दिलेली. तिचे यजमान, आमचे भावजी, भातशेती सांभाळणारे, भलतेच गमत्ये. त्यांच्या नातीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं. मला निवृत्तीनंतर व्हिडिओचा नाद लागलेला, नुकताच फोर-के कॅमेरा घेतलेला. शूटिंग मीच करणार, असं मी परस्पर जाहीर करून टाकलं.

हळदीच्या संध्याकाळी ताई जी सुटली! तिला जुनी गाणी येतातच, पण समोर दिसेल त्याचं नाव गुंफून ती तिथल्या तिथे नवीन जोडते. भावजींना भज्यांवरून टोमणा झाला, विहीणबाईंच्या पर्सवरून झाला, मग माझ्याकडे वळली —

"पेणचा मास्तर, डोळ्याला डबा,
नाचाया बोलवा, खांबासारखा उभा!"

मांडव हसून लोळला. भावजी नाचत येऊन माझा हात ओढायला लागले. मी म्हटलं, शॉट हलेल. आणि नाचलो नाही. एवढं लक्षात ठेवा — मी नाचलो नाही.

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. दुसऱ्या दिवशी लग्नाला तेच वापरायचं होतं, म्हणून सकाळी पडवीत लॅपटॉप उघडला आणि 'हळद' नावाचा फोल्डर ओढून नव्या हार्ड डिस्कवर टाकला. क्षणात झालं. एवढाल्या फाइली जायला एरवी एक चहा पिऊन दुसरा मागवावा लागतो. मला शंका यायला हवी होती. उलट मी भावजींना ऐटीत म्हणालो, "स्पीड बघा." डिस्कवर 'हळद' दिसत होतं. मी कार्ड पुसलं. तेवढ्यात भावजींनी डिस्कची वायर ओढून काढली आणि तिथे स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावला.

पेणला परतल्यावर कळलं. डिस्कवर गेला होता तो फोल्डर नव्हता, त्याचा शॉर्टकट होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो — शॉर्टकट म्हणजे घराकडे दाखवणारा बाण, घर नव्हे. ओढताना माझ्याकडून भलतंच बटण दाबलं गेलं असणार. आणि घर तर मी स्वतःच पुसलं होतं, वर त्याच कार्डावर लग्न भरलं होतं. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं लावून पाहिली. काहीही निघालं नाही.

ताईचा फोन आला, माझी गाणी कधी दाखवतोस? आणि माझ्या तोंडून गेलं... भावजींनी वायर ओढली ना, त्यात सगळं गेलं.

तिने ते तिथल्या तिथे भावजींना ऐकवलं. मागून भावजींचा आवाज आला, "गेली व्हय माझ्यामुळं? माझा हातच धसमुसळा." लगेच मान्य. साधं 'कसं काय' म्हणूनही विचारलं नाही. पुढे त्या घरात कोणी खुर्ची ओढो की पडदा, ताई त्यांना सुनवायची, "वढा, वढा. नातीची हळद वढलीत, आता ह्ये बी वढा." ते हसायचे. मला हसू यायचं नाही.

त्या गणपतीत लग्नाचा व्हिडिओ दाखवायला तीच डिस्क घेऊन रोह्याला निघालो. तो शॉर्टकट पुसायला माझा हात धजत नव्हता, तो तसाच होता. ठरवलं, आज सगळ्यांसमोर खरं सांगायचं. वडखळला एक वाक्य जुळवलं, नागोठण्याला ते बदललं.

गौरीचं जेवण उरकून घर टीव्हीपुढे बसलं. टीव्ही जुना, त्याला माझ्या फाइली पेलेनात. लग्न अडखळत चाललं, प्राजक्ताच्या हातातला हार हवेतच अडकून राहिला. सगळ्यांनी तिची चेष्टा आरंभली, नवरा पसंत नव्हता काय गो? मी घसा खाकरला, आणि रिमोट घेतलेले भावजी म्हणाले, "मास्तर, ह्यात हळद पन हाय की."

टीव्हीवर शॉर्टकट मुळात दिसतच नाही. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं.

हळद सुरू झाली. लोण्यासारखी, एकदाही न अडखळता. गालावरच्या हळदीचा कणन् कण दिसत होता. स्वयंपाकघरातून ताई डाव हातात घेऊनच धावली आणि स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळून गायला लागली. भज्यांचा टोमणा आला, पर्स आली... मग तो डबा आणि खांब. आणि मंडळी, कॅमेऱ्याच्या मागून कॅमेऱ्यासमोर मी आलो. गालभर हळद, चष्मा वाकडा. भावजींचा हात धरून मी नाचत होतो! चित्र जरासुद्धा हललं नाही.

घर टाळ्यांनी दणाणलं. "व्हती की हळद," ताई म्हणाली. "उगाच बोल लावला ह्या मानसाला."

भावजी म्हणाले, "अगो, मास्तरांनी काढली आसंल शोधून. किती खपले असतील."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

सगळ्यांना कॉपी देतो म्हणून डिस्क पेणला आणली. लॅपटॉपला लावली, तर तोच शॉर्टकट. वाकडा बाण, आत काही नाही. परत रोह्याला नेली, तर हळद सुरू! शेवटी ताईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितंच. माझ्यावानी हाय ती. माहेरी करमत नाय तिला." तेव्हापासून डिस्क टीव्हीमागेच असते आणि दर गणपतीला हळद लागते. पेणच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, तो हसला. बरं, मी नाचलो नव्हतो म्हणावं, तर सगळं घर शपथेवर सांगतं की नाचलास. प्राजक्ता माझ्या स्टेप्स करून दाखवते. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आता शोधतही नाही.

मी दरवर्षी सुरुवात करायचो, "भावजी, ती वायर..." आणि ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "थांबा मास्तर, आपला नाच येतोय."

गेल्या वर्षी भावजी गेले. पोटभर जेवून, दुपारच्या झोपेत. या गणपतीतही ताईने हळद लावली, डोळे पुसत पुसत त्यांच्या भज्यांवर खळखळून हसली. नाच संपताना मी त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलतो, हे मला यंदाच दिसलं. ढोलाच्या आवाजात ऐकू येत नाही. ते हसतात आणि माझ्या पाठीत धपाटा घालतात.

तिथे मी काय बोललो ते मला माहीत नाही, कारण मी बोललोच नव्हतो. मला बोलायचं होतं ते असं — भावजी, तुमच्या वायर ओढण्याने काही गेलं नव्हतं. हळद मीच पुसली होती. मला माफ करा.